मिलिसेकंद सांगण्याआधी: लिनक्सवरचा आवाजाचा उशीर कसा मोजावा, कसा लिहावा

दोन वर्षांपूर्वी, पोळा नुकताच झाला होता, तेव्हा वैनगंगेपलीकडच्या गावचा एक ऑर्गन वाजवणारा पोरगा माझ्याकडे आला. झाडीपट्टीच्या नाटकांना तो साथ करतो. दिवाळी झाली, धान कापून झालं की आमच्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या पट्ट्यात गावोगाव मंडई भरते, आणि रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. त्याला महागडा कीबोर्ड परवडत नव्हता. जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स, फुकट मिळणारा सॉफ्टवेअर सिंथ (काँप्युटरमध्येच सूर तयार करणारा प्रोग्राम) आणि एक साधा मिडी कीबोर्ड (कुठली कळ दाबली एवढंच काँप्युटरला सांगणारा), एवढ्यावर भागेल का, हे त्याला विचारायचं होतं. “उशीर किती लागते भाऊ?”

मी स्क्रीनकडे पाहिलं आणि सांगितलं, “५.३ मिलिसेकंद.”

त्यानं घरच्या धानाच्या पैशातून सामान घेतलं. पहिल्याच प्रयोगात, दुसऱ्या अंकातल्या गाण्याला आवाज चरचरायला लागला. त्यानं बफर, म्हणजे आवाज थोडा साठवून पुढे धाडायची जागा, वाढवला, चरचर थांबली, पण वाजवणं जड झालं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, “भाऊ, बोट आत्ता ठेवतो अन् आवाज मांगून येते.” मी सांगितलेला आकडा स्क्रीनवर खरोखर होता. पण तो हिशेबाचा आकडा होता, मोजलेला नव्हता, आणि तो कशाचा आहे हे मलाच तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. त्या पोराची सगळी रात्र त्यात गेली. तेव्हापासून कोणी विचारलं की मी आधी मोजतो आणि मगच सांगतो.

लिनक्सवर आवाजाचं काम नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी आणि आपल्या मशीनचा आकडा दुसऱ्याला सांगण्याची वेळ येणार आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. टर्मिनल उघडता येतं आणि मशीनमधून आवाज निघतो, एवढं तुम्हाला जमतं असं धरून चालतो. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये टाकायची इंग्रजी अक्षरं कंसात दिली आहेत.

आधी आवाजाची वाट

माईकमध्ये शिरलेला आवाज इंटरफेसमध्ये, म्हणजे यूएसबीला लावायच्या साउंड कार्डात, आकड्यांत बदलतो. तिथला डिजिटल फिल्टर स्वतःचा थोडा वेळ घेतो. मग ते आकडे यूएसबीच्या तारेतून हप्त्याहप्त्यानं लॅपटॉपकडे येतात. जुन्या फुल स्पीड यूएसबीवर एक हप्ता १ मिलिसेकंदाचा असतो, यूएसबी २.० च्या हाय स्पीडवर १२५ मायक्रोसेकंदांचा. पुढे कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, अल्सा हा भाग ते आकडे बफरमध्ये जमा करतो. बफर भरला की जॅक किंवा पाईपवायर (साउंड कार्ड आणि प्रोग्राम यांच्यामध्ये आवाजाची ने-आण करणारं सॉफ्टवेअर) तुमच्या प्रोग्रामला उठवतो, प्रोग्राम त्यावर आपलं काम करतो, आणि मग तेच सगळं उलट्या दिशेनं होऊन आवाज स्पीकरमधून बाहेर पडतो.

बफर म्हणजे धानाचं पोतं समजा. पोतं भरल्याशिवाय ते बंडीत चढत नाही. पोतं लहान ठेवलं तर पहिलं पोतं लवकर निघतं, पण उचलणाऱ्याला क्षणाची उसंत मिळत नाही. तो एकदा जरी उशिरा आला तरी खंड पडतो. आवाजात हा खंड ‘टक्’ किंवा ‘चर्र’ असा ऐकू येतो, त्याला एक्सरन म्हणतात. म्हणून उशीर आणि एक्सरन हे दोन आकडे नेहमी जोडीनंच सांगायचे. एक्सरन न सांगता नुसता उशीर सांगणं म्हणजे पोतं किती लहान आहे तेवढं सांगून बंडी वेळेवर पोचली की नाही ते न सांगण्यासारखं आहे.

पोत्याचा हिशेब सोपा आहे. बफरमधल्या सॅम्पलची (आवाजाच्या एकेका आकड्याची) संख्या भागिले सॅम्पल रेट (सेकंदाला किती सॅम्पल). ४८,००० च्या रेटवर ६४ सॅम्पल म्हणजे १.३३ मिलिसेकंद, १२८ म्हणजे २.६७, २५६ म्हणजे ५.३३, आणि १०२४ म्हणजे २१.३३. जॅकमध्ये सॅम्पलला फ्रेम म्हणतात आणि एका पोत्याला पीरियड. पाईपवायरमध्ये पोत्याचं नाव क्वांटम.

आणि स्पीकरपासून कानापर्यंतची हवा विसरू नका. २० अंश तापमानाला आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. आमच्याकडच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांना तो सुमारे ३५८ मीटर जातो. म्हणजे स्पीकर ३ मीटरवर असेल तर साडेआठ-नऊ मिलिसेकंद हवेतच जातात. पेटीवाल्याच्या मागे ३ मीटरवर ठेवलेला मॉनिटर स्पीकर त्याच्या जवळ सरकवला, तर काँप्युटरमध्ये एक पैसा न घालता जो फरक पडतो तो बफर ५१२ वरून २५६ वर आणल्याइतका असू शकतो. मी आता कोणालाही सामान घ्यायला सांगण्याआधी स्पीकर सरकवायला सांगतो.

एकच शब्द, चार वेगळे आकडे

पहिला आकडा स्क्रीनवरचा. जॅक चालवायचा प्रोग्राम क्यूजॅककंट्रोल, त्याच्या सेटिंगमध्ये जी ‘लेटन्सी’ (म्हणजे उशीर) दिसते ती पीरियडची लांबी गुणिले पीरियडची संख्या भागिले सॅम्पल रेट एवढीच असते. १२८ गुणिले २, भागिले ४८,०००, आले ५.३३. माझा त्या दिवशीचा आकडा हाच. यात इंटरफेसचा फिल्टर नाही, यूएसबी नाही, येण्याची वाट नाही.

दुसरा आकडा पूर्ण फेरीचा: आवाज आत जाऊन बाहेर येईपर्यंतचा. माईकवर गाऊन हेडफोनमध्ये स्वतःला ऐकणाऱ्यासाठी हाच कामाचा. १२८ चे २ पीरियड असताना जॅक २ च्या नेहमीच्या मांडणीत आत येताना एक पीरियड, बाहेर जाताना एक, आणि जॅकचा सिंक मोड हा पर्याय चालू केला नसेल तर मध्ये आणखी एक, असे तीन पीरियड लागतात. म्हणजे ३८४ सॅम्पल, ८ मिलिसेकंद. त्यावर इंटरफेसचा आणि यूएसबीचा लपलेला वेळ वेगळा. ५.३ आणि ८-९ यांतला फरक एवढ्या साध्या कारणानं पडतो.

तिसरा आकडा कळ दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा. कीबोर्डवाल्यासाठी खरा प्रश्न हा असतो. इथे माईकची वाट नाही, पण कळ ओळखायला कीबोर्डला लागणारा वेळ आहे. जुन्या गोल ५ पिनांच्या मिडी तारेवर एका सुराचा संदेश जायलाच जवळपास १ मिलिसेकंद लागतो, कारण त्या तारेचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट ठरलेला आहे.

चौथा आकडा आवाजाचा नाहीच, तरी आवाजाच्या नावावर खपतो. सायक्लिकटेस्ट नावाचं एक साधन आहे. कर्नलनं झोपलेल्या कामाला ठरल्या वेळेपेक्षा किती उशिरा उठवलं ते हे साधन मायक्रोसेकंदांत सांगतं. “माझ्या मशीनची लेटन्सी ४० मायक्रोसेकंद” असं कोणी लिहिलेलं दिसलं तर बहुतेक वेळा हा आकडा असतो. तो उपयोगाचा आहे, उचलणारा किती वक्तशीर आहे ते त्यातून कळतं. पण त्यावरून गाणाऱ्याला काय ऐकू येईल हे कळत नाही. हे दोन आकडे एका तक्त्यात शेजारी ठेवू नका, नवा माणूस फसतो.

पहिली पायरी: मशीनची ओळख लिहून ठेवा

मोजायच्या आधी वही काढा. लॅपटॉपचं मॉडेल, प्रोसेसर, इंटरफेस कोणता आणि कुठल्या पोर्टला लावला, मध्ये हब आहे का. लिनक्सची कोणती आवृत्ती, कर्नलचा क्रमांक, जॅक की पाईपवायर आणि त्याचा क्रमांक. सॅम्पल रेट, बफर, पीरियड. लॅपटॉप चार्जरवर आहे की बॅटरीवर. वायफाय चालू की बंद. तारीख.

कर्नलबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण सर्वांत जास्त चुकीचे दावे इथेच होतात. प्रीएम्प्ट आरटी, म्हणजे वेळेला पक्कं ठेवणारं काम, सुमारे २० वर्षं मुख्य कर्नलच्या बाहेर वेगळं पॅच म्हणून वाढलं आणि २०२४ साली ६.१२ या आवृत्तीत ते मुख्य कर्नलमध्ये आलं. पण आलं म्हणजे तुमच्या मशीनवर चालू झालं असं नाही. कर्नल बांधताना तो पर्याय निवडावा लागतो. ‘यूनेम -ए’ (uname -a) ही आज्ञा द्या. उत्तरात प्रीएम्प्ट आरटी असे शब्द दिसले तरच रिअल टाइम कर्नल म्हणा. प्रीएम्प्ट डायनॅमिक दिसलं तर तो साधा कर्नल आहे, आणि तसंच लिहा. साध्या कर्नलवरसुद्धा पुष्कळांचं काम उत्तम चालतं, त्यामुळे त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी पायरी: परवानगी आणि प्रोसेसरचा वेग

जॅकला वरचा प्राधान्यक्रम मिळायला तुमचं नाव ‘ऑडिओ’ गटात हवं आणि त्या गटाला रिअल टाइम प्राधान्य आणि मेमरी अडवून ठेवण्याची परवानगी हवी. उबुंटू स्टुडिओसारख्या आवाजासाठी बनवलेल्या प्रणालीत हे बहुतांश तयार मिळतं. साध्या डेबियनवर जॅक बसवताना एक प्रश्न विचारतात, त्याला ‘हो’ म्हणायचं. मग लॉग आऊट करून परत या, नाहीतर गटातला बदल लागू होत नाही. इथे नवीन माणसाचा अर्धा दिवस जातो.

प्रोसेसरचा गव्हर्नर (वेग ठरवणारी सेटिंग) ‘परफॉर्मन्स’वर ठेवा किंवा ठेवू नका, पण काय ठेवलं ते लिहा. तुमचा आकडा वाचणारा माणूस तुमच्या लिहिण्यावरून तीच मांडणी करणार आहे.

तिसरी पायरी: तार लावून फेरी मोजणं

सहा-साडेसहा मिलिमीटरच्या पिनची एक तार घ्या, साउंडवाल्याकडे असतेच. इंटरफेसच्या बाहेरच्या १ नंबरातून काढून आतल्या १ नंबरच्या लाइन इनपुटला लावा. लावण्याआधी चार गोष्टी: ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माईकला तारेतून जाणारी वीज) बंद. स्पीकर बंद, हेडफोन कानावरून खाली. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर बंद, कारण ते चालू असेल तर आवाज काँप्युटरमध्ये न जाताच इंटरफेसमधून परत फिरतो आणि आकडा बिघडतो. इनपुटचा गेन (आत येणारा आवाज वाढवणारं बटण) आधी पूर्ण कमी.

मग जॅक चालू करा आणि ‘जॅक आयोडिले’ (jack_iodelay) हा छोटा प्रोग्राम चालवा. इंग्रजीत लिहिताना जॅक आणि आयोडिले यांच्यामध्ये खालची रेघ येते. पाईपवायर असेल तर आज्ञेच्या आधी ‘पीडब्ल्यू-जॅक’ (pw-jack) लावा. क्यूजॅककंट्रोलच्या ग्राफमध्ये या प्रोग्रामचं आऊट सिस्टमच्या प्लेबॅक १ ला जोडा, आणि सिस्टमचं कॅप्चर १ त्याच्या इनला. तो एकाच वेळी अनेक सूर बाहेर पाठवतो, परत आलेल्या सुरांची कला (फेज) तपासतो आणि त्यावरून सॅम्पलच्याही अंशापर्यंत उशीर सांगतो. ‘सिग्नल बिलो थ्रेशोल्ड’ असं येत राहिलं तर गेन हळूहळू वाढवा.

ओळीत आधी एकूण फेरी सॅम्पलमध्ये, मग मिलिसेकंदांत, आणि शेवटी ‘एक्स्ट्रा लूपबॅक लेटन्सी’ म्हणून एक आकडा दिसेल. समजा १२८ च्या २ पीरियडवर ४५१ आले. म्हणजे ९.४ मिलिसेकंद. त्यातले ३८४ आपल्याला माहीत असलेले, उरलेले ६७ हे इंटरफेस आणि यूएसबीचे, जवळपास १.४ मिलिसेकंद. हे ६७ बफर कमी केल्यानं कमी होत नाहीत. पण ते जॅकला कळवता येतात, म्हणजे रेकॉर्डिंग करताना नवा ट्रॅक जुन्या ट्रॅकच्या मागे पडत नाही. प्रोग्राम त्याच ओळीत सांगतो की आत आणि बाहेर प्रत्येकी किती लिहायचे. इथे ३३.

आता जॅक पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा आणि परत मोजा. यूएसबी इंटरफेसवर दर वेळी लपलेला आकडा थोडा वेगळा येऊ शकतो, कारण येण्या-जाण्याचे हप्ते दर वेळी वेगळ्या ठिकाणी जुळतात. दहा वेळा करा. दहाही आकडे वहीत लिहा आणि सांगताना सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा, दोन्ही सांगा. दहांतला सगळ्यात छान एक उचलून “माझ्याकडे एवढं येतं” म्हणणं सोपं आहे, आणि वाचणाऱ्याला ते पकडताही येत नाही. म्हणूनच ही गोष्ट स्वतःवर सोडलेली असते.

लॅपटॉपच्या स्वतःच्या हेडसेट भोकावर मोजायचं असेल तर माईक आणि हेडफोन वेगळे करणारा स्प्लिटर लागतो, आणि माईकचा इनपुट फार संवेदनशील असतो, तेव्हा आवाज अगदी खालून सुरू करा. ब्लूटूथ स्पीकर मोजण्याच्या भानगडीत पडू नका. त्यांचा उशीर सहसा १०० मिलिसेकंदांच्या वर असतो, वाजवण्यासाठी तो कामाचा नाही.

पाईपवायर वापरणाऱ्यांना एक सावधगिरी

पाईपवायरमध्ये क्वांटम स्थिर नसतो. कोणता प्रोग्राम काय मागतो त्यावर तो बदलतो. तुम्ही एका प्रोग्रामसाठी १२८ मागितलं म्हणजे सगळं १२८ वरच चाललं असं समजू नका. ‘पीडब्ल्यू-टॉप’ (pw-top) उघडा. त्यात क्वांटमचा रकाना आहे, रेटचा आहे, आणि चुका मोजणारा एररचा रकाना आहे. मोजताना हे उघडंच ठेवा आणि तिथे जे दिसलं ते लिहा, जे मागितलं ते नाही. मोजण्यापुरता क्वांटम जबरदस्तीनं पक्का करता येतो, तो केला असेल तर तसं नोंदवा. साउंड कार्डाच्या सेटिंगमध्ये प्रो ऑडिओ प्रोफाइल निवडलं होतं की साधं, तेही. एकाच मशीनवर या एका बदलानं आकडा हलतो.

चौथी पायरी: तार नसेल तर खंजिरी

ज्यांच्याकडे तार किंवा लाइन इनपुट नाही, किंवा ज्यांना कळ ते आवाज हा उशीर मोजायचा आहे, त्यांच्यासाठी ही रीत. मला ती वरच्या रीतीपेक्षाही आवडते, कारण यात काँप्युटरच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही.

एक मोबाईल घ्या, त्याचं साधं आवाज रेकॉर्डर चालू करा. मोबाईल कीबोर्डच्या कळेच्या अगदी जवळ ठेवा आणि स्पीकरही तेवढाच जवळ आणा. आता नखानं कळेवर कडक टकटक करत एकेक सूर वाजवा, मध्ये एकेक सेकंद थांबून, असे २० वेळा. मोबाईलमध्ये आधी नखाचा ‘टक्’ येईल आणि मग सिंथचा सूर. सूर असा निवडा की जो एकदम सुरू होतो, तबला किंवा पियानोसारखा, बासरी किंवा व्हायोलिन नको. फाइल ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्राममध्ये उघडा, लाट मोठी करून पाहा आणि दोन्ही सुरुवातींमधलं अंतर मोजा. मोबाईलचा स्वतःचा उशीर दोन्ही आवाजांना सारखाच लागू होतो, म्हणून तो हिशेबातून गळून पडतो. मोबाईलचा व्हिडिओ मात्र यासाठी वापरू नका. सेकंदाला ३० चित्रं म्हणजे दोन चित्रांमध्ये ३३ मिलिसेकंद, आपण ज्याला शोधतो आहोत ते त्यातून निसटतं.

माईकची पूर्ण फेरी मोजायची तर कीबोर्डच्या जागी खंजिरी. राष्ट्रसंतांच्या भजनांमुळे आमच्याकडे गावागावात एखादी तरी खंजिरी सापडतेच, आणि तिच्या थापेला जी धारदार सुरुवात असते ती या कामाला फार उपयोगी पडते. माईक, स्पीकर आणि खंजिरी, तिन्ही मोबाईलपासून हातभर अंतराच्या आत ठेवा. स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरून शिट्टी मारणार नाही इतपत ठेवा. प्रत्येक थापेला आधी खरी थाप, मग स्पीकरची. अंतर टेपनं मोजा आणि मीटरमागे सुमारे ३ मिलिसेकंद वजा करा.

२० थापांचे २० आकडे येतील आणि ते सारखे नसतील. मिडीच्या बाबतीत तर हे हमखास, कारण कळ बफरच्या सुरुवातीला दाबली गेली की शेवटी यावर वाट पाहणं अवलंबून असतं. सांगताना सर्वांत लहान, मधला आणि सर्वांत मोठा असे तीन आकडे सांगा. नुसती सरासरी सांगितली तर हा चढउतार झाकला जातो, आणि वाजवणाऱ्याच्या हाताला चढउतारच जास्त छळतो. ठरावीक १० मिलिसेकंद उशिराची हाताला सवय होते. कधी ६ आणि कधी १४ याची होत नाही.

पाचवी पायरी: भार, वेळ आणि ऊन

आतापर्यंतचं सगळं रिकाम्या मशीनवरचं. आता ज्या कामासाठी मशीन घेतलं ते काम त्याच्यावर टाका. भजन मंडळाचं रेकॉर्डिंग करणार असाल तर आर्डोर या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये जितके ट्रॅक लागतात तितके उघडा आणि खरोखर रेकॉर्ड करा. नाटकाला साथ करणार असाल तर सिंथमधले लागणारे सगळे आवाज लोड करा आणि दोन्ही हातांनी वाजवा, पेडल दाबून. एक्सरनचा आकडा शून्यावर आणा आणि घड्याळ लावा.

किती वेळ? ज्या कामाचा दावा करणार आहात त्या कामाइतका. पाच मिनिटांत शून्य एक्सरन येणं अगदी सोपं असतं. नाटक रात्रभर चालतं, तेव्हा मी आता निदान तीन तास चालवतो आणि “तीन तासांत इतके” असंच सांगतो. ज्या बफरवर चरचर होते त्या बफरचा उशीर हा तुमच्या मशीनचा उशीर नव्हे. ठरवलेल्या वेळात, खऱ्या भाराखाली, एकही एक्सरन न देणारा सर्वांत लहान बफर कोणता, आणि त्या बफरवर मोजलेली फेरी किती, हा तुमचा आकडा. खालच्या बफरवर काय झालं तेही लिहा: “६४ वर तासाला चार एक्सरन” या ओळीतून वाचणाऱ्याला कळतं की हे मशीन कडेवर कुठे उभं आहे.

आणि ऋतू. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत, कूलर बंद असताना, लॅपटॉपचा प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो, आणि डिसेंबरच्या रात्री १२८ वर गुळगुळीत चाललेलं तेच मशीन एक्सरन द्यायला लागतं. भजनाच्या रेकॉर्डिंगची बरीच कामं उन्हाळ्यातच निघतात, शेतीची कामं थंड असतात म्हणून. खोलीचं तापमान लिहा. साधा थर्मामीटर नसेल तर “मे, दुपारी दोन, कूलर बंद” एवढंही पुरतं.

लाईन जाणं हाही आमच्याकडचा ऋतूच आहे. लॅपटॉप बॅटरीवर गेला की प्रोसेसरची शक्ती अनेकदा आपोआप कमी होते, तेव्हा चाचणीच्या मध्ये एकदा मुद्दाम चार्जर काढून पाहा. इनव्हर्टरवर किंवा कूलरच्या मोटरीनं जी घरघर आणि टकटक येते ती मात्र बऱ्याच वेळा विजेची असते. एक्सरनचा आकडा वाढला नाही आणि तरी टक् ऐकू आला, तर दोष अर्थिंगमध्ये किंवा तारेत शोधा. कर्नलला नावं ठेवून उपयोग नाही.

सहावी पायरी: लिहिणं

इथपर्यंत आलात तर वहीत सगळं आहे. आता ते असं लिहा की वाचणारा तुमच्यासारखंच करून तोच आकडा मिळवू शकेल. एक नमुना देतो, आकडे आणि सामान तुमचं घाला:

“लॅपटॉप अमुक मॉडेल, प्रोसेसर अमुक, ८ जीबी रॅम. इंटरफेस अमुक, यूएसबी २.०, हब नाही. डेबियन, कर्नल ६.१२, साधा, आरटी नाही. जॅक २, ४८,००० रेट, १२८ चे २ पीरियड, सिंक मोड बंद. गव्हर्नर परफॉर्मन्स, वायफाय बंद, चार्जरवर. तारेनं मोजलेली पूर्ण फेरी, दहा वेळा जॅक परत चालू करून: ९.३ ते ९.९ मिलिसेकंद. स्क्रीनवरचा हिशेबाचा आकडा ५.३. सिंथचे तीन आवाज लोड करून तीन तास सतत वाजवलं, एक्सरन शून्य. ६४ वर तासाला चार. नोव्हेंबर, रात्री, खोली २२ अंश. बॅटरीवर मोजलेलं नाही. उन्हाळ्यात मोजलेलं नाही. कळ ते आवाज मोजलेलं नाही.”

शेवटची तीन वाक्यं काढू नका. नवीन माणसाला ती सोडून द्यावीशी वाटतात, कारण त्यानं आपलं काम अपुरं दिसेल असं वाटतं. पण पुढचा माणूस नेमकं तिथूनच पुढे मोजायला लागतो.

दोन मशीन किंवा दोन प्रणाली शेजारी ठेवायच्या असतील तर एका वेळी एकच गोष्ट बदला. तोच लॅपटॉप, तोच इंटरफेस, तीच तार, तोच दिवस, फक्त कर्नल वेगळा. लिनक्सची विंडोजशी तुलना करायची असेल तर दोन्हीकडे तारेनं मोजा. एकीकडचा स्क्रीनवरचा आकडा आणि दुसरीकडचा मोजलेला आकडा घेऊन जिंकलं असं जाहीर करणं मी पुष्कळदा पाहिलं आहे, आणि आपल्या बाजूनं झालं तरी ते चूकच. मुक्त सॉफ्टवेअरवर माझं मनापासून प्रेम आहे. म्हणूनच एखादा पोरगा माझ्या आकड्यावर विश्वासून आला आणि तोंडघशी पडला, तर तो फक्त माझ्यावरचा नाही, त्या सगळ्या कामावरचाच विश्वास सोडून देईल याची मला भीती वाटते.

आलेख काढलात तर त्याची खालची रेघ शून्यापासून सुरू करा. ८.५ पासून सुरू केलेल्या आलेखात ९.० आणि ९.५ हे एकाच्या दुप्पट दिसतात. आणि अर्ध्या मिलिसेकंदाचा फरक सांगण्याआधी आपल्या दहा मोजण्यांतच किती फरक आहे ते पाहा. दहा आकडेच ९.३ ते ९.९ फिरत असतील तर दोन कर्नलमधल्या ०.३ च्या फरकाला “सारखेच” म्हणा.

किती उशीर चालतो, हे मी आकड्यात बांधून देत नाही. माझ्याकडे येणारे बहुतेक वाजवणारे १० मिलिसेकंदांच्या आत समाधानी असतात. हेडफोन घालून गाणारा त्याहून कमी उशिरालाही कुरकुर करतो, कारण त्याचा स्वतःचा आवाज त्याला हाडांतूनही ऐकू येतो आणि दोन्ही मिसळून आवाज पोकळ लागतो. त्याच्यासाठी इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर चालू करणं हाच बहुतेक वेळा उपाय असतो. आधीच रेकॉर्ड केलेलं नुसतं मिक्स करायचं असेल तर १०२४ वर निवांत काम करा.

त्या ऑर्गनवाल्याचं मशीन नंतर आम्ही दोघांनी बसून मोजलं, मोबाईल आणि नखाच्या रीतीनं, त्याच्या अंगणात. २५६ वर त्याचा हात बसला, मॉनिटर जवळ घेतला, आणि तीन तास एकही एक्सरन आला नाही. तो कागद त्यानं लॅपटॉपच्या पिशवीत घडी करून ठेवला आहे. दिवाळीच्या आधी, नाटकांचे दिवस सुरू होण्यापूर्वी, प्रणाली अपडेट केली की तो मोबाईल-नखाची मोजणी आणि तीन तासांची चाचणी परत करतो. नवीन आकडे जुन्याच्या खाली, तारीख घालून लिहितो. जुने खोडत नाही, कारण अपडेटनंतर काही बिघडलं तर कुठल्या कर्नलवर परत जायचं ते त्याच ओळींवरून कळतं.